गाडीचं कुंईकुंई आणि शैलाचा पाय

रवि., १९ जाने. ९७

गुडघे तसेच. चहा दोनदा. गाडीला आज आवाज लागला.

लिही शैला, हसू नको. मी बोलायचं, तू लिहायचं. मधी आपली अक्कल घालायची न्हाई. (आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. तसंच लिहितेय. शैला.) बघ, घातलीच.

तर रविवार म्हणून मांतूनं शैलाला गाडी शिकवाय विद्यापीठाच्या रस्त्याला नेली. मी मागं बसलो. मांतू माझा पोरगा, तसा गरीब हाय, पण बायकोच्या शेजारी बसला की त्याचा पाक मास्तर हुतोय. "गिअर! अगं गिअर! आरशात बघ, माझ्याकडं काय बघतीस!" शैलाचं लायसन गेल्या साली निघालंय. कपाटात साडीखाली ठेवलंय, तिथंच चालतंय ते. गाडी म्हंजे फक्त रविवारची, ती पण मास्तर शेजारी असला तर.

येताना रस्ता मोकळा लागला. शैलानं जरा दाबली आणि गाडी रडाय लागली. कुंईईई. दाराबाहेर कोंडलेल्या कुत्र्याच्या पिल्लागत. हळू केली की गप्प. दाबली की परत कुंई.

मांतू म्हणाला, "काय केलंस?"
"काही नाही केलं."
"मग रडती कशी?"

जसं काय शैलानं गाडीला चिमटा काढला.

सोम., २० जाने.

मालकांना कळलं. आमचं मालक म्हंजे शैलाचं मामंजी, गुळाच्या पेठेत आडत दुकान हाय आमचं. आता सौद्याला मांतू जातोय, मालक घरात बसून हुकूम सोडत्यात.

भाकरी मोडत म्हणालं, "माझ्या हातात एवढी वर्सं गाडी हाय. कधी चूं केलं न्हाई तिनं."

पुढचं बोललं न्हाईत. बोलायची गरजच न्हवती. शैलानं पानात बघितलं. मी म्हणालो, तुमच्या हातात मीबी हाय की एवढी वर्सं, मी चूं करत न्हाई म्हणून सांगतायसा काय लोकास्नी? गौरी, माझी नात, ठसका लागेपर्यंत हसली. मालक ताक प्यालं.

बुध., २२ जाने.

निपाणीहून अक्काचा फोन. माझी थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला हाय, पण आवाज अजून विहिरीतनं यावा तसा खणखणीत. "यावाग बर्ती, तंगी?" कानडीत, कधी येतीस धाकटे म्हणून. दर फोनला हेच पहिलं वाक्य. तब्येत मग.

म्हणालो, शिवरात्रीला येतो. बोलून बसलो. आता कसं जायचं ते बघाय पायजे. यष्टीची पायरी माझ्या गुडघ्याला चढत न्हाई. मांतूचा गुळाचा सीझन. दिवाळीत नेलतं त्यानं, पण अक्कानं चहाला आधण ठेवलंय न ठेवलंय तोवर बाहेर हॉर्न. "अव्वा, चल, उद्या सौदा हाय." दोन म्हाताऱ्या बायकांना बोलायचं असलं तर त्याला दिवस लागतोय, कप न्हाई.

म्हणून शैलाला गाडी यायला पायजे. हे मी कुणाला बोललो न्हाई. आता तुला कळलं, लिहितीस म्हणून. निपाणी काय अमेरिका न्हाई. कागल, मग कर्नाटकाची हद्द, मग निपाणी. सरळ रस्ता.

(मला गाडी शिकवायचा आत्तींचा एवढा आग्रह का, ते आज कळलं. शैला.)

गुरु., २३ जाने.

आवाजाचं निदान मी केलं. मांजराची पिल्लं. मागच्या सीटखाली मांजर व्यालीय, आणि गाडी पळाली की पिल्लं भेत्यात. येवढ्या मोठ्या माणसांच्या डोक्यात येऊ ने?

सीट काढायला लावली. निघालं काय, तर गुळाचा चुरा, त्याला लागलेल्या मुंग्या, पोत्याची सुतळी, गौरीची गेल्या वर्षीची एक चप्पल. पिल्लू एक न्हाई.

मांतू म्हणाला, "अव्वा, मुंग्या रडत्यात व्हय?"

आजचं एवढंच लिही. जास्त नको.

शनि., २५ जाने.

उद्यमनगरातला पापा मिस्त्री आला. जवानीत तालमीत हुता. कुस्तीत मोडलेलं कान अजून तसंच हाइत, कोबीच्या गड्ड्यागत. त्या कानांनी गाडीचा आवाज ऐकाय आला. आत बसला तशी गाडी एका अंगाला खाली गेली. टपावर थाप मारून म्हणाला, "काय ग बाई, कुठं दुखतंय?"

मांतूला घेऊन एक चक्कर मारली. खाली उतरला, मिशी पुसली.

"क्लचची बेअरिंग. क्लच दाबला की आवाज बसतोय. वहिनी चालवत्यात न्हवं?"

"शिकतीय," मांतू म्हणाला.

"मग झालं. बायकांचा पाय क्लचवरनं निघत न्हाई. सारखा ठेवलेला असतोय, चुलीवर तवा ठेवल्यागत."

मालक ओसरीत पेपर वाचत हुतं. पेपर हलला न्हाई, पण मागनं हसल्याचा आवाज आला.

मी म्हणालो, पापा, तुझी आई गाडी चालवत हुती काय रे? न्हवती? मग बायकांचा पाय तू बघितलास कुठं?

"काकी, तुमी म्हंजे..." म्हणाला आणि लाडू खाल्ला.

शैला हे लिहीत न्हवती. हात थांबला. मी म्हणालो, लिही, आपल्यावर आलेलं पण लिहाय पायजे. गौरीकडनं वाचून घेणार हाय मी, गाळलंस तर कळतंय.

(मी क्लचवर पाय ठेवत नाही. शैला.)

बुध., २९ जाने.

गाडी मिस्त्रीकडं. सगळं पोट खाली काढलंय म्हणं. घर मोकळं मोकळं वाटतंय. अंगणात गाडीच्या जागी कुत्रं झोपलंय.

शनि., १ फेब्रु.

गाडी आली. आवाजपण तिच्याबरोबरच आला.

मांतूनं स्वतः चालवत आणली. दारात थांबवून तसाच बसून राहिला. मी म्हणालो, काय झालं? "तसाच आवाज हाय, अव्वा."

मालक: "नवीन बेअरिंग घालून? लगेच परत?"
मांतू: "तसंच म्हणतोय मिस्त्री. म्हणतोय, एकदा वाईट सवय लागली की गाडी तीच धरून बसती."

एवढ्या दिवसांत शैला त्या गाडीला हात लावायला गेली न्हाई. गाडी उद्यमनगरात उताणी पडली हुती. तरी दोष शैलाच्या पायाचा. मी म्हणालो, मग शैलाचा पाय घरातनं उद्यमनगरापर्यंत लांब हाय म्हणायचा.

कुणी हसलं न्हाई. मालकांनी चावी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "शिवरात्र हुंदे. मग बघू." शिरोळचा कोण ऊसवाला हाय, त्याला जुनी गाडी पायजे म्हणं. मालकांनी त्याला निरोप धाडलाय, येऊन बघून जा म्हणून.

म्हंजे गाडी पण जाणार. मग शैलाचं लायसन साडीखालीच राहतंय आणि मी फोनवर "येतो, येतो" करत राहतोय.

रवि., २ फेब्रु.

शिकवणी न्हाई. मांतू झोपला. शैलानं डाळ करपवली. ती कधी करपवत न्हाई.

मी म्हणालो, बाई, रागावायचं तर डाळीवर कशाला? ती म्हणाली, "आत्ती, मला आता माझ्याच पायाचा संशय यायला लागलाय. कदाचित ठेवत असेनही." मला हे न्हाई आवडलं. माणसाला दुसऱ्यानं चूक म्हणलं तर चालतंय. आपल्या पायाला आपणच खोटं म्हणाय लागलं की...

पुढचं सुचत न्हाई. राहू दे.

शुक्र., ७ फेब्रु.

इचलकरंजीचं व्याही जेवाय आलं. लेकीचं सासरं. यंत्रमाग हाइत त्यांचं, दिवसभर खटखटीत बसून आवाज ऐकायची सवय. जेवण झाल्यावर म्हणालं, बघू तरी तुमची रडणारी गाडी.

लाटणं मागितलं. म्हणालं, लाकडातनं आवाज चांगला कळतोय. इंजन चालू केलं, लाटण्याचं एक टोक इंजनला, एक कानाला. त्यांच्या टोपीला वंगण. मांतूला म्हणालं, दाब क्लच. सोड. दाब. सोड. तास न्हाई म्हणत, पण पान खाऊन संपलं तोवर.

"काय न्हाई हो ह्यात. साफ हाय."
मालक म्हणालं, "उभ्या गाडीत कसा येणार आवाज? पळाली की येतोय."
"मग पळाय लागल्यावर काय काय फिरतंय ते बघा की."
"माग वेगळा, गाडी वेगळी, व्याही."

तिथं विषय संपला. लाटणं मी तीनदा धुतलं.

पण शैलाचं ध्यान न्हवतं. भांडी घासताना एकदम म्हणाली, "आत्ती, उभ्या गाडीत क्लच दाबला-सोडला, आवाज नाही. मग क्लचचा कसा?"
मी म्हणालो, मला काय विचारतीस, मी मांजराची पिल्लं शोधणारी.
"मिस्त्री म्हणाला क्लच दाबला की आवाज बसतो. क्लच दाबला की गाडीपण हळू होते. हळू झाली म्हणून बसत असेल."

मग ताट हातात तसंच धरून तिनं सांगितलं. गाडी ढाळावर सोडायची, गिअर काढून. मग इंजन गाडीला ओढत न्हाई, गाडी आपली आपण पळती. तेव्हा आवाज आला न्हाई, तर दोष पुढचा. आला, तर चाकांचा. मग क्लच नाही आणि पाय पण नाही.

मी म्हणालो, मग सांग की मांतूला. म्हणाली, सांगितलं. काय म्हणाला? "उगंच डोकं चालवू नको, मिस्त्रीला जास्त कळतंय."

चावी मालकांच्या खिशात.

सोम., १० फेब्रु.

आज जे केलं ते लिही. नीट लिही.

मांतू सकाळीच स्कूटरवरनं सौद्याला. गौरी शाळेत. मालक अंघोळ करून लिंगपूजेला बसलं. विभूती लावली, हातावर लिंग घेतलं, की पूजा हुईपर्यंत ते बोलत न्हाईत. घराला आग लागली तरी न्हाई. लग्न झाल्यापासनं बघतोय मी.

मी सदरा हातात घेऊन त्यांच्या समोर जाऊन बसलो.

"टेंबलाईच्या टेकडीला जाऊन येतो म्हणतोय. मी आणि शैला. चावी घेऊ न्हवं? नको असलं तर नको म्हणा, माझं काय न्हाई."

डोळं उघडलं. एक भुवई वर गेली.

"नको म्हणायचं असलं तर आत्ताच म्हणा."

नाक फुगलं. हातातलं लिंग काय हललं न्हाई, पूजेचं पक्कं हाइत.

"बरं. तुमची हरकत न्हाई म्हणायची." नमस्कार केला, देवाला आणि त्यांना एकदमच, आणि उठलो. शैला दारात पांढरी फट. म्हणालो, चल, मामांनी परवानगी दिली.

टेंबलाईच्या चढाला गाडी सरळ गेली. देवीला खालनंच हात जोडले. वर वळवून घेतली. रस्ता रिकामा बघून शैलानं गिअर काढला, पाय दोन्ही उचलून मला दाखवले. "बघा आत्ती, पाय बघा!" मी म्हणालो, ब्रेकवर ठेव एक, बाई, मला नातीचं लग्न बघायचं हाय.

गाडी सुटली. पहिल्यांदा गप. मग वेग घेतला आणि कुंईईई.

शैला मोठ्यानं हसली. त्या गाडीत बसून हसलेली मी तिला पहिल्यांदा बघितली.

मग कुठल्या चाकाचं ते बघायचं ठरलं. परत वर. ह्या खेपेला मी मागच्या सीटवर आडवा झालो, कान सीटला लावून. तशी गाडी खाली आली, थांबली. तर खिडकीत एक तोंड. दूधवाला, मोटरसायकलला कॅन लावलेलं.

"काय झालं आज्जीला? दवाखान्यात न्यायचं काय?"
शैला गडबडली. "नाही, त्या ऐकतायत."
"आं?"
मी पडल्या पडल्याच म्हणालो, "पावणं, जरा गप्प बसा, ऐकू येत न्हाई."
तो शैलाला हळूच म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय व्हय? माझ्या चुलतीचं पण असंच झालतं. लिंबू लावा."

मी म्हणालो उजवं चाक. शैला म्हणाली, परत ऐका. खाली येताना उजवीकडं वळण घेतलं की आवाज वाढला, डावीकडं घेतलं की बसला. उजवीकडं वळलं की वजन डाव्या चाकावर पडतंय म्हणं, म्हंजे डावं निघालं, मागचं डावं. माणूस आडवा झाला की उजवं-डावं कळत न्हाई, ह्यात माझी काय चूक?

घरी आलो तवा पूजा झाली हुती. मालक ओसरीत. चावी त्यांच्या हातात ठेवली. एक शब्द न्हाई. पूजा झाली तरी न्हाई.

मंगळ., ११ फेब्रु.

मालकांचं मौन चालूच. मांतूला अजून सांगितलं न्हाई त्यांनी. का सांगितलं न्हाई ते मला कळंना.

आता आम्हाला चाक कळलंय, पण सांगायचं म्हणलं तर ढाळ सांगाय पायजे, ढाळ सांगितला तर चावी. शैला म्हणाली, "राहू दे आत्ती. तुम्हाला बोलणी बसतील." मी म्हणालो, मला बोलणी बसून बसून गादी झालीय. तुझं सांग.

गुरु., १३ फेब्रु.

शैलाच बोलली. रात्रीच्या जेवणाला, सगळ्यांसमोर. मामांच्या समोर ती वाढायचं सोडून कधी बोललेली न्हवती. डाव आमटीत तसाच धरून म्हणाली,

"मामा, आवाज मागच्या डाव्या चाकाचा आहे. गिअर काढून उतारावर गाडी सोडली तरी येतो. क्लचचा नाही. माझ्या पायाचा नाही."

मांतूचा घास हातात. "कधी सोडलीस उतारावर?"
"सोमवारी."
"कुणी सांगितलं तुला? ब्रेक लागला नसता म्हंजे? अव्वाला घेऊन? चावी कुणी दिली?"

मी म्हणालो, तुझ्या बापानं.

मांतू मालकांकडं बघाय लागला. मालक आमटीकडं. मी मनात म्हणालो, आता काय खरं न्हाई.

मालक म्हणालं, "विचारून घेतली तिनं." मग भाकरीचा तुकडा मोडला. "मी न्हाई म्हणालो न्हाई."

एवढंच. मिशीत काय तरी हललं, पण ते मिशीला माहीत.

मग शैलाला म्हणालं, "वळणाला वाढतोय का आवाज?"
"उजवीकडं वळलं की."
"हं."

सासरा आणि सून गाडीवर बोलत हुती. मांतू मधी बसून एकदा इकडं, एकदा तिकडं. आमटी थंड झाली, कुणी नाव ठेवलं न्हाई. चांगली झालती. डाळ करपली न्हवती.

सोम., १७ फेब्रु.

पापा मिस्त्रीनं मागचं डावं चाक खोललं. मालक स्वतः गेलतं, शैलालापण बरोबर घेऊन. मी न्हवतो, शैलाच्या तोंडून ऐकून सांगतोय, आणि शैला आपल्याच तोंडचं माझ्या तोंडून लिहिती. मजा हाय.

बेअरिंगचा पार चुरा. मिस्त्रीनं गाडीची मागची डिकी उघडली, बोट फिरवून चाटलं. "गूळ. किती रवे घालत हुतासा ह्यात, शेठ? ही गाडी हाय, टेम्पो न्हवं."

संक्रांतीच्या आधी टेम्पोवाला आला न्हाई म्हणून मांतू आणि मालक दोघांनी गुळाचे रवे, म्हंजे ढेपा, ह्याच गाडीतनं ओढले हुते. मागनं गाडी रस्त्याला टेकायची तेव्हा. पाव्हण्या-रावळ्यांचा गूळ, गिऱ्हाइकांचा गूळ. दिवाळीत तेच. सगळं वजन मागच्या चाकांवर.

मालक म्हणालं, "तू तर क्लच म्हणालतास."
पापा म्हणाला, "मी बेअरिंग म्हणालतो, शेठ. बेअरिंगच निघाली. कुठली, तेवढंच चुकलं."

असा पैलवान. चीत झाला तरी पाठ लागली न्हाई म्हणतोय.

मांतूनं शैलाला काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं न्हाई. मी विचारलं. "लिहायचं नाही ते," म्हणाली. बरं बाई.

रवि., २३ फेब्रु.

नवीन बेअरिंग बसली. शिकवणी परत चालू. मास्तर आज गप्प हुते. एकदाच म्हणाले, "आरशात..." आणि तोंड मिटून घेतलं. शैलानं आरशात आधीच बघितलं हुतं.

मोठा आवाज गेला. पण नीट कान दिला तर मागं कुठं तरी बारीक काय तरी हाय. भिंतीपलीकडं कुणी तरी गुणगुणल्यागत. मांतू म्हणाला, न्हाई. शैला म्हणाली, आहे. मिस्त्री म्हणाला, "ते आता वयाचं. माझ्या पण गुडघ्यात येतोय."

गुडघ्याचं मला विचार म्हणावं.

शनि., १ मार्च

शिरोळचा ऊसवाला आला. पांढरी टोपी, तोंडात मावा. बरोबर बायको. तो पुढनं बघत हुता, बायको आत बसून दारं उघडझाप करून बघत हुती. एक चक्कर मारली. परत आल्यावर म्हणाला, "बारीक काय तरी वाजतंय मागं."

मालक म्हणालं, "वाजतंय थोडं."

आयुष्यभर मालानं भरलेल्या पेठेत उभं राहून "एक नंबर माल" म्हणणारा माणूस. मी आतनं ऐकत हुतो. वाटलं, विकायचं मन न्हाई. मग वाटलं, खरं बोलून जास्त भाव काढायचा असंल.

"आमाला चालंल," ऊसवाला म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "मला बी चालंल. मी पण शिकणार हाय." शैला चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

मालकांनी शब्द दिला न्हाई. "शिवरात्र हुंदे. त्याच्या पुढच्या सोमवारी या, सांगतो."

ते गेल्यावर विचारलं, द्यायची हाय का न्हाई? म्हणालं, "तुझं काय मत?" मला मत विचारलं. मी एवढा चकित झालो की दिलंच न्हाई.

बुध., ५ मार्च

अक्काचा फोन. "यावाग बर्ती?" म्हणालो, शुक्रवारी. शैला आणती. "शैला? तुझी सून? ती चालवती?" मग म्हणाली, "मग राहा दोन दिवस. तिला घाई नसंल."

मांतूनं तोंड वाकडं केलं. "कागलपर्यंत मी स्कूटरवरनं मागनं येतो." मी म्हणालो, ये की, पंक्चर झालं तर तुला उचलून आणू.

मालकांनी कॅलेंडर बघितलं. सोमवार अजून लांब हाय.

शुक्र., ७ मार्च. शिवरात्र

गाडीत बसून सांगतोय. शैला स्टेअरिंगवर डायरी ठेवून लिहिती. आमचं सगळ्यांचं उपासाचं तोंड. रताळी बरोबर घेतली. गुडघे तसेच, पण पायात नवी चप्पल.

मांतूची स्कूटर फाटकात आडवी. ती काढायला तो किल्ली शोधतोय, म्हणून लिहायला वेळ मिळाला.

मालक बाहेर आलं. फडक्यात बांधलेला गुळाचा रवा. अक्कासाठी. डिकीकडं चाललं हुतं, तिथंच थांबलं. मग पुढं येऊन माझ्या मांडीवर ठेवला. "मागं नको. तू धर." जड हाय बाई, मांडीला रग लागली आत्ताच.

मग शैलाच्या खिडकीशी वाकून म्हणालं, "हद्दीच्या पुढं रस्ता खराब हाय. उजवीकडं वळताना ऐक."
शैला म्हणाली, "हो मामा."
"काय ऐकू आलं ते येऊन सांग. सोमवारी त्या शिरोळवाल्याला काय तरी सांगाय पायजे मला."

विकणार का न्हाई, अजून बोलत न्हाईत. शैलाकडनं ऐकून मग ठरवणार दिसतंय. का ठरवलंय आणि ऐकायचं निमित्त करत्यात. एवढी वर्सं झाली, मला अजून त्यांचं...

स्कूटर निघाली. शैलानं इंजन चालू केलं. मी म्हणालो, लिही, ह्याच्या पुढचं पण लिही, कागलला काय झालं, हद्दीला काय झालं, अक्का काय म्हणाली. ती म्हणाली, "आत्ती, माझे हात दोनच. चालवू का लिहू?"

चालव.